कूलंट सेन्सर परत परत जातोय? तिसरा विकत घेण्याआधी कप्लरच्या मागची वायर बघा

आधी त्रास काय होता ते सांगतो म्हणजे तुमचा पण तोच आहे का ते कळेल. गाडी रात्रभर उभी, इंजिन एकदम गार, आणि सकाळी सेल्फ मारला की लगेच रेडिएटरचा फॅन फुल स्पीडनं चालू, एसी बंद असला तरी. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा लाईट. सायलेन्सरला कच्च्या पेट्रोलचा वास, सिग्नलला उभं राहिलं की आयडलिंग वरखाली, आणि ॲव्हरेज १७ वरून १२-१३ वर. मग दोन-चार दिवसांनी लाईट आपोआप गेला, फॅन पण नॉर्मल झाला, आपण म्हणणार चला सुटलो, आणि पंधरा दिवसांनी परत तेच.

गाडी आठ वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. रोज जुळे सोलापूर ते चिंचोली एमआयडीसी जाऊन-येऊन, महिन्यातून एखाद वेळ तुळजापूर नाहीतर अक्कलकोट. दोन वर्षांत कूलंट टेम्परेचर सेन्सर, म्हणजे इंजिनमधलं पाणी (कूलंट) किती तापलंय ते सांगणारा, दोनदा बदलला, एकदा साडेतीनशेचा लोकल आणि एकदा अकराशेचा ओरिजनल, दोन्ही वेळा "झालं काम" म्हणून गाडी हातात मिळाली आणि खरंच चार-पाच महिने काही त्रास नाही. तिसऱ्यांदा लाईट आला आणि परत सेन्सरच बदलायला सांगितला तेव्हा मात्र मी थांबलो, कारण ओरिजनल सेन्सर चार महिन्यात मरतो हे मनाला पटेना, कंपनीतून गाडीत आलेला पहिला सेन्सर सहा वर्षं टिकला की. आज ते काढलेले दोन्ही सेन्सर माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, दोन्ही मोजून बघितलेत आणि दोन्ही चांगले आहेत.

सेन्सर आत काय करतो हे एकदा समजून घ्या, पुढचं सगळं त्यावरच आहे. पाण्यात बुडालेली छोटीशी पितळी नळी असते, तिला बुडी म्हणू, टोकाला आत धातूंच्या ऑक्साईडचा एक दाणा, त्याला थर्मिस्टर म्हणतात. पाणी गार असताना त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जास्त आणि पाणी तापत जाईल तसा रेझिस्टन्स कमी. हिशोब उलटा आहे, हे डोक्यात पक्कं बसवा. माझ्या गाडीच्या सेन्सरचे आकडे असे, २० डिग्रीला अडीच हजार ओहम (ओहम म्हणजे रेझिस्टन्सचं माप), ४० ला साडेअकराशे-बाराशे, ६० ला सहाशे, ८० ला सव्वातीनशे आणि १०० डिग्रीला दोनशेच्या पण खाली. बऱ्याच गाड्यांत याच्या आसपासच असतं पण सगळ्यांत नाही, काहींत २० डिग्रीला साडेतीन हजार असतात, त्यामुळे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला तक्ता बघूनच बोला.

ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, या सेन्सरला स्वतःच्या आतल्या एका रेझिस्टरमधून ५ व्होल्ट देतो आणि परत किती व्होल्ट दिसतात त्यावरून पाणी किती तापलंय ते ठरवतो. वायर तुटली किंवा कप्लर (सेन्सरवर बसणारा वायरींचा प्लग) निघाला तर पूर्ण ५ व्होल्ट दिसतात आणि ईसीयूला वाटतं पाणी उणे ४० डिग्री आहे. दोन वायरी एकमेकीला चिकटल्या तर शून्य व्होल्ट, म्हणजे १३०-१४० डिग्री. उणे ४० दिसलं की ईसीयू पी ०११८ हा बिघाडाचा कोड टाकतो, सेन्सरचं ऐकणं बंद करतो, मनानं एक ठरलेलं तापमान धरून गाडी चालवतो आणि इंजिन जळू नये म्हणून फॅन कायमचा चालू ठेवतो. म्हणजे तो सतत चालणारा फॅन बिघाड नाहीये, ते ईसीयूनं घेतलेलं संरक्षण आहे. फॅनचा रिले, फॅनची मोटर बदलत बसू नका, कित्येक जण बदलतात आणि पैसे वाया जातात.

आणि या एका आकड्यावर किती गोष्टी अवलंबून आहेत बघा. पेट्रोल किती मारायचं, स्पार्क कधी द्यायचा, आयडलिंग किती ठेवायचं, फॅन कधी लावायचा, गाडी जास्त तापली तर एसीचा कॉम्प्रेसर कधी तोडायचा. डिझेलमध्ये ग्लो प्लग किती वेळ तापवायचे ते पण. ईसीयूला इंजिन गार वाटलं की तो पेट्रोल जास्त सोडतो, त्यातूनच तो वास आणि पडलेलं ॲव्हरेज.

आता खरी गोष्ट. वायर पूर्ण तुटली तर लाईट येतो आणि आपण निदान शोधायला तरी लागतो. पण वायर तुटलेली नाही, फक्त सडत चाललीय आणि मध्ये १०० ओहमचा फालतू अडथळा आलाय, तर काय होतं? सकाळी गार इंजिनला सेन्सरचे अडीच हजार, त्यात हे १०० मिसळले तर सव्वीसशे, फरक एका डिग्रीचा, कुणाला कळणार पण नाही. गॅरेजमध्ये गार गाडी तपासली तर सगळं ओके. पण इंजिन ९० डिग्रीला गेलं की सेन्सरचे उरतात फक्त २४० ओहम, त्यात १०० मिसळले की ३४०, म्हणजे ईसीयूला दिसणार ७८ डिग्री. प्रत्यक्षात ९०, दिसतंय ७८. आणि पुढे तर अजून वाईट, माझा फॅन ९७ डिग्रीला लागतो, तेव्हा सेन्सर साधारण २०० ओहमवर असतो, मध्ये हे १०० बसलेत म्हटल्यावर ईसीयूला २०० दिसायला सेन्सर १०० ओहमवर यावा लागतो, आणि १०० ओहम म्हणजे सव्वाशे डिग्रीच्या आसपास. म्हणजे पाणी सव्वाशे डिग्री होईपर्यंत फॅन लागणारच नाही! तोपर्यंत पाणी उकळून बाटलीतनं बाहेर. हेड गॅस्केटचं, म्हणजे इंजिनच्या हेडखालच्या पॅकिंगचं, काम निघालं तर किती हजाराला पडतं ते ज्यानं केलंय त्याला विचारा.

माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं होतं आणि मला तेव्हा समजलं नाही. मे महिना, दुपारी चारला सात रस्ता चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो, पेट्रोल वाचवायला म्हणून एसी बंद केलेला, आणि बॉनेटमधनं वाफ आली. एसी चालू असला की फॅन एसीच्या हिशोबानं लागतो त्यामुळे कधी कळलंच नाही की पाण्याच्या हिशोबानं तो लागतच नाहीये. घाबरून गाडी कडेला घेतली, बंद केली, अर्धा-पाऊण तास बॉनेट उघडून नुसता उभा राहिलो. इथं एक कळकळीनं सांगतो, गरम गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाब असतो म्हणून ११०-११५ डिग्रीला पण पाणी उकळत नाही, झाकण फिरवलं की दाब जातो आणि ते पाणी एका क्षणात उकळून वाफेसकट तोंडावर येतं. वरचा होज पाईप हातानं आरामात दाबता येईल इतका गार झाला की मगच उघडा.

त्या दिवशी पण निदान निघालं ते "सोलापूरचं ऊन, काय करणार" असं. ऊन आहेच, ४२-४३ डिग्री आपल्याला नवीन नाही, पण चांगल्या स्थितीतली गाडी त्या उन्हात उकळत नाही, गाडीची सगळी कूलिंग सिस्टीम ते धरूनच बनवलेली असते. उन्हावर ढकललं की शोध तिथंच थांबतो, मी पण तिथंच थांबलो होतो.

सुटका झाली ती एका वहीमुळं. मला पेट्रोल टाकलं की किलोमीटर, लिटर आणि त्या आठवड्यात गाडीचं काय काम केलं ते लिहून ठेवायची सवय आहे, वडिलांपासनं आलेली. एका रविवारी वही घेऊन बसलो आणि जेव्हा जेव्हा लाईट आला त्या तारखांवर खूण केली. चार खुणा. पहिली मेमध्ये, दुसरी ऑक्टोबरमध्ये दसऱ्यानंतर, तिसरी फेब्रुवारीत, चौथी परत मेमध्ये. मग प्रत्येक खुणेच्या वरच्या ओळी वाचल्या तर चारही वेळा दोन-तीन आठवडे आधी एकच गोष्ट, "वॉशिंग, इंजिनसकट". एप्रिलमध्ये तुळजापूरला जाऊन आलो म्हणून धुतली, खंडेनवमीला पूजेसाठी धुतली, मावसभावाच्या लग्नाआधी धुतली. वॉशिंग सेंटरला बॉनेट उघडून प्रेशरचा फवारा मारतात, इंजिन चकाचक दिसतं, आपल्याला पण बरं वाटतं. आणि ते पाणी बोरचं.

सोलापूरच्या पूर्व भागात एक अण्णा आहेत, चाळीस वर्षं नुसतं गाडीच्या वायरिंगचंच काम करतात, त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. त्यांनी वही बघितली नाही, सरळ सेन्सरचा कप्लर काढला, उन्हाकडे धरला आणि म्हणले, "मालक, रबर कुठंय?" कप्लरच्या मागं प्रत्येक वायरीला एक बारीक रबरी सील असतो, माझ्यातला एक तापून तडकून गेला होता. मग त्यांनी वायरीचं कव्हर थिमलपासून, म्हणजे वायरीच्या टोकाच्या धातूच्या पिनपासून, दोन इंच सोललं आणि आतली तांब्याची तार दाखवली. वरून काळी, मध्ये हिरवी, बोटानं चोळली की भुगा. "ही वायर जिवंत दिसतीय पण जिवंत नाही," एवढंच म्हणले.

का सडली ते नीट सांगतो कारण यातच ते "चार महिन्यांनी परत"चं उत्तर आहे. त्या दोन वायरींच्या मध्ये गाडी चालू असताना कायम थोडे व्होल्ट असतात. फुटक्या सीलमधनं पाणी आत गेलं की त्या दोन थिमलांच्या मध्ये विजेचा छोटा प्रवाह चालू होतो आणि पॉझिटिव्ह बाजूचं तांबं हळूहळू विरघळून हिरवा क्षार होतो. पाणी जितकं क्षाराचं तितकं हे जोरात, आणि आपल्याकडच्या बोरचं पाणी कसंय ते घरातल्या नळाच्या तोटीला आणि गिझरला विचारा. त्यामुळे धुतल्या दिवशी काही होत नाही, दोन-तीन आठवड्यांनी होतं, म्हणून धुण्याचा आणि बिघाडाचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही. आणि सेन्सर बदलला की बरं का वाटायचं? कारण सेन्सर बदलताना कप्लर काढून परत बसवला जायचा, त्यात थिमल घासले जायचे, सडलेली तार हलून जरा नीट टेकायची, आणि काम भागायचं. नव्या सेन्सरनं काही केलंच नव्हतं. मध्ये एकदा मी स्वतः कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारला तेव्हा पण दोन महिने गाडी चांगली चालली, स्प्रे थिमलपर्यंत पोचला, थिमलच्या मागं कव्हरच्या आत तो कसा पोचणार.

अण्णांनी एक युक्ती दाखवली ती मला फार आवडली, घरी कुणालाही करता येईल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातनं ३३० ओहमचा रेझिस्टर आणायचा, एक-दोन रुपयाला मिळतो. चावी बंद करून सेन्सरचा कप्लर काढायचा, कप्लरच्या दोन भोकांत रेझिस्टरचे दोन पाय हलकेच टेकवायचे, जोरात खुपसायचे नाहीत नाहीतर थिमल पसरतात आणि नवीन दुखणं सुरू. मग चावी ऑन करून मोबाईलवर कूलंटचं तापमान बघायचं, ईसीयूचे आकडे मोबाईलवर दाखवणारा ओबीडी ॲडॉप्टर लावून, त्याबद्दल पुढे सांगतो. माझ्या सेन्सरच्या तक्त्याप्रमाणं ३३० ओहम म्हणजे ७९-८० डिग्री दिसायला पाहिजे. माझ्या गाडीत दिसले ६८. सेन्सर तर जोडलेलाच नाही, मग हे बारा डिग्री कुणी खाल्ले? वायरिंगनं. एवढं बघितलं की सेन्सर दोषी आहे का नाही यावर वादच उरत नाही. तुमच्या गाडीचा तक्ता वेगळा असेल तर ८० डिग्रीचा तुमचा आकडा बघून त्याच्या जवळचा रेझिस्टर घ्या.

दुरुस्ती अशी केली. तार जिथपर्यंत हिरवी-काळी होती तिथपर्यंत कापत गेलो, चकचकीत तांबं लागेपर्यंत, जवळजवळ पाच इंच गेली. वायरीसकट मिळणारा नवीन कप्लर आणला, अडीचशे रुपये. दोन वायरींचे जोड एकमेकांसमोर न ठेवता मागंपुढं केले, आधी तापवली की आवळणारी स्लीव्ह ओवून घेतली मग सोल्डरचा डाग दिला, मग स्लीव्ह तापवून घट्ट केली. नुसता पीळ मारून काळी टेप गुंडाळू नका, इंजिनच्या उष्णतेनं टेपचा गोंद पातळ होतो आणि वर्षाच्या आत तीच गत. कप्लरच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं, साधं चेसिसचं ग्रीस नाही. वायरीला थोडी ढील ठेवली कारण इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही, ताणून बांधली की तार थिमलपाशी तुटते. सगळं जोडून रेझिस्टर परत टेकवला, ८०. अकराशेचा तो ओरिजनल सेन्सरच परत बसवला, फॅन ९७ ला लागला, ९१ ला बंद झाला, परत लागला, परत बंद झाला. त्या दिवशी मी गाडीसमोर उभं राहून सहा वेळा तो फॅन ऐकला.

आता तुम्ही कुठनं सुरुवात करायची. दोन वस्तू घ्या, ब्लूटूथचा ओबीडी ॲडॉप्टर आणि साधा डिजिटल मल्टीमीटर, दोन्ही मिळून हजाराच्या आसपास बसतं, एका सेन्सरच्या पैशात. ॲडॉप्टर स्टेअरिंगच्या खाली १६ पिनच्या सॉकेटला लागतो. पहिली तपासणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खात्रीची, रात्रभर उभी असलेली गाडी, सकाळी इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन, आणि मोबाईलवर दोन आकडे बघायचे, कूलंटचं तापमान आणि आत जाणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे पाहिजेत, दोन-चार डिग्री इकडेतिकडे. माझ्याकडे मेमध्ये पहाटे २८ आणि २९ यायचे. एक २८ आणि दुसरा १० दाखवत असेल तर दोनातला एक खोटं बोलतोय, आणि कुठला ते घरातल्या साध्या थर्मामीटरनं कळतं. पण मघाशी सांगितलं ते विसरू नका, गार तपासणी पास झाली म्हणजे सुटलो असं नाही, थोडा अडथळा गार असताना दिसतच नाही.

म्हणून दुसरी तपासणी गरम इंजिनवर. एसी बंद ठेवून गाडी उभ्या जागी चालू ठेवा आणि आकडा बघत रहा. ८५-९० च्या आसपास थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व, उघडतो, वरचा होज एकदम गरम होतो, आकडा जरा खाली येतो मग परत चढतो आणि ९५ ते १०० च्या मध्ये फॅन लागतो. आकडा चढताना मध्येच उणे ४० ला जाऊन परत येत असेल तर वायर किंवा कप्लर, शंकाच नको, सेन्सरला एवढ्या झटक्यात गार-गरम होताच येत नाही. चालू असतानाच कप्लरची वायर हळूच हलवून बघा, फॅन आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून. लेझर टेम्परेचर गन असेल तर थर्मोस्टॅटच्या घराला मारून ताळा बघा, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती गन कमी आकडा दाखवते, त्यावर काळी टेपची पट्टी चिकटवून टेपवर मारा. गन १०० दाखवतीय आणि मोबाईल ८० दाखवतोय तर इंजिन लगेच बंद करा.

सेन्सरच तपासायचा असेल तर काढून पातेल्यात पाणी उकळवा, मल्टीमीटरच्या वायरी लावा आणि आकडा उतरताना बघा. आकडा सरळ, न अडखळता उतरला पाहिजे. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे म्हणून आपल्याकडे पाणी १०० ला नाही, साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं, त्यामुळे १०० च्या आकड्यापेक्षा चार-आठ ओहम जास्त आले म्हणून सेन्सर टाकून देऊ नका. ते पातेलं परत स्वयंपाकाला वापरायचं नाही, कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड, पोरांपासून आणि कुत्र्या-मांजरांपासून लांबच ठेवा.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. आपल्याकडे उन्हाळ्यात गाडी तापली की "वॉल्व काढून टाका, सोलापुरात लागत नाही" असं सर्रास सांगतात आणि काढतात पण. थर्मोस्टॅट काढला की पाणी कायम रेडिएटरमधून फिरतं आणि हायवेला, पुणे रोडला नाहीतर हैदराबाद रोडला, इंजिन ६५-७० च्या वर जातच नाही. ईसीयूला इंजिन कायम गार दिसतं, आणि यावेळी ते खरं असतं. तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, जास्तीचं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, ऑईल पातळ होतं, आत काळा चिकट गाळ धरतो, आणि कोड येतो पी ०१२८. मग तो कोड वाचून परत सेन्सर बदलतात! सेन्सर बिचारा बरोबर सांगत असतो. चारशे-पाचशेचा थर्मोस्टॅट तापमान खाली ठेवायला नसतोच, इंजिन ठराविक गरमीला धरून ठेवायला असतो, आणि खराब झाला तर नवीन बसवायचा, रिकामं घर ठेवायचं नाही. जुना वॉल्व पातेल्यात सेन्सरच्या शेजारीच टाकून बघा, उघडतो का ते डोळ्यांना दिसतं.

बोरच्या पाण्याचं दुसरं नुकसान आत होतं. बाटलीत कूलंट कमी दिसलं की आपण घरच्या पाण्याचा तांब्या ओततो, त्यातला चुना सेन्सरच्या बुडीवर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. माझ्या पहिल्या सेन्सरवर पांढरा खडबडीत थर होता, अर्धा मिलिमीटर तरी. त्या थरामुळे सेन्सरला तापमान उशिरा कळतं, घाटात, म्हणजे आपल्याकडे तुळजापूरच्या घाटात, तापमान झपाट्यानं चढतं तेव्हा हा उशीर महागात पडतो. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी, बॅटरीचं मिळतं ते, निम्मं-निम्मं. इथं बर्फ पडत नाही मग कूलंट कशाला असं म्हणतात, पण कूलंट फक्त गोठू नये म्हणून नसतं, गंज थांबवतं आणि उकळबिंदू पण वर नेतं, आपल्याला त्याचीच गरज आहे. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट मिसळू नका, आणि नुसत्या रंगावर प्रकार ओळखू नका, डब्यावरचं वाचा.

कूलंट बदलल्यावर लगेच आकडा नाचायला लागला तर घाबरू नका, आत हवा राहिलीय. सेन्सरचं टोक पाण्यात बुडालेलं असलं तरच तो बरोबर सांगतो, हवेच्या फुग्यात लटकला तर इंजिन तापत असून आकडा खालीच राहतो. गाडीचं तोंड चढाला लावा, झाकण गार इंजिनलाच उघडा, हीटर फुल गरमवर ठेवून गाडी चालू करा, होज दाबत रहा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी भरत रहा, मग झाकण लावून फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा.

जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवरच्या टेम्परेचरच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो, काट्याच्याला एकच वायर असते आणि अर्थिंग सेन्सरच्या आट्यांतनं इंजिनला मिळतं, तिथं टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली की अर्थिंग तुटतं आणि काटा मेला असं वाटतं. सीएनजीवाल्यांचा अजून एक, किटच्या रेड्युसरवर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) पण टेम्परेचर सेन्सर असतो, तो खराब झाला किंवा थर्मोस्टॅट काढलेला असला की गाडी पेट्रोलवरून गॅसवर जायलाच बघत नाही, विशेषतः डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी.

आता मी काय करतो. दर दोन महिन्यांनी सकाळचे ते दोन आकडे आणि फॅन लागायचा आकडा वहीत. वर्षातनं एकदा कप्लर उघडून सील बघतो. यंदा खंडेनवमीला वॉशिंग सेंटरला गेलो नाही, घरीच ओल्या फडक्यानं इंजिन पुसलं, कप्लरच्या बाजूला तर कोरडंच फडकं फिरवलं, हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, लिंबू चाकाखाली ठेवलं. तीन आठवड्यांनी वहीत ओळ अशी आहे, "फॅन ९७ ला चालू, ९१ ला बंद, ॲव्हरेज १६.८".